सतराव्या खळग्यातली चिठ्ठी

सोमवारी आमचं संग्रहालय बंद असतं आणि त्या सोमवारी पाळणाघराचा संप होता. म्हणून चौदा महिन्यांच्या लेकीला, बीचेला, घेऊनच मी कामावर गेले. निघताना तिच्या स्वेटरची बटणं मोजली होती. सैल बटण मुलं गिळतात, असं वाचलं होतं.

नाण्यांच्या खोलीत तिला मांडीवर घेतलं आणि रोमन चांदीचं तबक उघडलं. प्रत्येक खळग्यात एक नाणं आणि नाण्याखाली गोल चिठ्ठी, नाव आणि वजन लिहिलेली. नोंदवही घ्यायला मी मागच्या फळीकडे वळले, तेवढंच. परत वळले तर बीचेची बोटं सतराव्या खळग्यात होती, खळग्यात नाणं नव्हतं आणि ती काहीतरी चघळत होती.

तोंडात बोट घातलं तोवर तिने ते गिळलं होतं. टेबलाखाली काही नाही. तबक उघडताना तिथे नाणं होतं का, आठवेना.

हाक मारल्यावर पहारेकरीण नॉर्मा आली.

"फाउस्तीना राणीचं नाणं बीचेने गिळलं. गाडी काढ, दवाखान्यात जाऊ."

"माझ्या भावाने शर्टाचं बटण गिळलं होतं. तिसऱ्या दिवशी आलं बाहेर."

"बटण अठराशे वर्षांचं नव्हतं ना, नॉर्मा."

"एवारिस्तोला तरी विचार."

"कुठे आहे तो?"

"कुठे असणार, कोपऱ्यावर कॉफी पितोय."

मी बीचेला कोट चढवत होते तेवढ्यात एवारिस्तो आला. तीस वर्षं तो याच खोलीत कामाला आहे. सगळं ऐकून त्याने तबकात डोकावलं.

"सव्वातीन ग्रॅमचं नाणं. पोरीचं आधीचं वजन घेतलंय का?"

"एवारिस्तो, मी रडेन हं आता."

"रडण्याआधी चिठ्ठी वाचा, डॉक्टरीणबाई." आमच्या देशात कुठलीही पदवी घेतलेल्या बाईला असंच म्हणतात, पण तो चिडवायलाच म्हणतो.

खळग्यातली चिठ्ठी उलटी होती. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं होतं: एवारिस्तो, कडेचा फोटो.

नाणं उचललं की चिठ्ठी उलटायची आणि नाव-कारण लिहायचं, हा नियम माझाच. मीच तो छापून दारावर चिकटवला होता. एवारिस्तो महिनाभर कुरकुरला होता.

नाणं शेजारच्या खोलीत कॅमेऱ्याखाली, मातीच्या गोळ्यात कडेवर उभं होतं.

"वर्षभर नियम पाळला मी," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा उपयोग होता, तर बाईंनी वाचलंच नाही."

"मग ही चघळत काय होती?"

नॉर्मा खिडकीबाहेर बघायला लागली. "ब्रेडच्या काडीचा तुकडा. दारात दिला होता. तुला सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस."

म्हणालेच असते.

फोटो झाल्यावर नाणं मीच पुसलं. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला चार पोरं घेतलेली बाई: दोन काखेत, दोन पायांशी. चेहरा इतका झिजलाय की तिला काळजी वाटत होती की नाही, कळायला मार्ग नाही. उभी मात्र ऐसपैस आहे. चिठ्ठी सुलटी केली, वर नाणं ठेवलं. बीचेने लगेच हात पुढे केला. मी तबक दोन वीत मागे सरकवलं.

"नॉर्मा," मी म्हटलं, "आणखी एक काडी आहे का गं? अर्धी मला."