तिसरी पट्टी

ऊद हे तंतुवाद्य बनवणारा बगदादमधला प्रत्येक कारागीर उस्ता फाखिर यांच्या वाद्याची नक्कल करतो आणि वर मान करून हिंडतो. गझवानला ती सोय नव्हती. तो उस्तांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकलेला, आणि त्याने नुसती नक्कल केली नव्हती, तर गुरूच्या कामात दुरुस्ती केली होती. वाद्याच्या पोटातली तिसरी पट्टी उस्ता नेहमी तिरकी बसवायचे. गझवानने ती सरळ बसवली, आणि तारांचा आवाज असा खुलला की गुरूचंच वाद्य चोरल्यासारखं त्याला वाटायला लागलं. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. पण उस्तांनी हो म्हटल्याशिवाय विकायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं.

म्हणून ऊद घेऊन तो त्यांच्या घरी गेला. उस्ता आता ठार बहिरे. त्यांच्या मुलीने, उम्म हैदरने, वाळल्या लिंबाचा चहा ठेवला आणि बोलायची वही पुढे सरकवली. गझवानने काही लिहायच्या आतच म्हाताऱ्याने ऊद ओढून घेतला, त्याच्या कडेवर दात रोवले आणि वाजव म्हणून खुणावलं. हाडांतून त्यांना अजून ऐकू यायचं.

गझवानने तारा छेडल्या. उस्तांनी डोळे मिटून घेतले. मग तोंड वर करून म्हणाले, "अरे, हा मी कधी केला?"

एवढी मोठी शाबासकी आणि एवढी मोठी चोरी एकाच वाक्यात मिळाल्यावर माणसाने करायचं काय? गझवानने लिहिलं, 'मी केलाय. तुमची तिसरी पट्टी सरळ केली. माफ करा. विकू का?'

"आता पाठीत जोडा बसतोय बघ तुझ्या," उम्म हैदर पुटपुटली.

उस्ता खदाखदा हसले. "तिरकी पट्टी? अरे गाढवा, ती चूक होती! फळीत गाठ निघाली, म्हणून एकदा सरकवली. लोकांना तो आवाज आवडला. मग जो तो तसाच मागायला लागला. चाळीस वर्षं मी माझ्याच चुकीची नक्कल करतोय."

'म्हणजे तुमच्या मनातला ऊद हाच?'

"हाच. पण मी केला कुठे?"

'मग विकू?'

"मला काय विचारतोस? तिरक्याची परवानगी माग, देतो. हा माझा नाहीच." असं म्हणत त्यांनी ऊद छातीशी धरला. "आणि मी देणारही नाही."

गझवानचं डोकं पार चक्रावलं. ज्यांची चोरी केली म्हणून आठ दिवस त्याला घास गोड लागला नव्हता, त्यांच्याकडे ती वस्तू कधी नव्हतीच. आता मात्र ते ती सोडत नव्हते. त्याला राग आला, आणि उस्तांचे ओले गाल पाहून त्या रागाचीच लाज वाटली.

"बाबा, त्याचं गिऱ्हाईक यायचंय हो!" उम्म हैदर सवयीने ओरडली.

गझवानने तिला हातानेच गप्प केलं. उस्तांनी पुन्हा कडेवर दात रोवले होते. लाकडावर खोल व्रण उमटत होते. असला ऊद कोणी घेणार नाही, हे त्याला दिसत होतं. तरी तो पुन्हा वाजवायला लागला. म्हातारा स्वतःचं वाद्य ऐकत होता की शिष्याचं, हे मात्र त्याला काही केल्या ठरवता येईना.