उद्याचा धोंडा

"अजून एक, अजून एक! दुसरा शब्द आहे का तुमच्या तोंडात?" बायको पहारीवर पाय देऊन उभी राहिली. "दिवस डोंगराआड गेला. परवा दोनदा पाय घसरला तुमचा. घरी चला."

"अडीच हात बांध राहिलाय फक्त."

"गेल्या वर्षीही अडीचच होता. बांध वाढतोय की डोंगर?"

आमचं शेत उतारावर. दगडाचे बांध घालून बापानं तीन पट्ट्या काढल्या, दादानं चौथी, पाचवी मी काढत होतो. बापाची एक रीत होती. उजेड असतानाच हात थांबवायचे आणि एक धोंडा मुद्दाम न रचता ठेवायचा. त्याच्यावर बसून झालेलं काम डोळे भरून बघायचं. "हा उद्याचा," म्हणायचा. सकाळी पहिला हात त्यालाच.

दादानं ती रीत कधी मोडली नाही. मला मात्र तो आळस वाटायचा. तीस वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी दादा असाच धोंड्यावर बसून पायातला काटा काढत होता. मी म्हणालो, "ऊठ की दादा, म्हातारा झालास का? हा रचू, वरचा एक काढू, आजच पट्टी पुरी." तो हसला. बूड झटकून उठला, धोंडा रचला, पहार घेऊन वर गेला. वरची दरड सुटली. पुढचं सांगवत नाही.

तेव्हापासून उजेड उतरला की वरून पहारीचा आवाज येतो. ठण्. ठण्. दुसऱ्या कुणाला येत नाही. तो थांबेपर्यंत माझे हात थांबत नाहीत.

आज बायकोनं वहिनीला सोबत आणलं होतं. दादा गेल्यापासून ती वर फिरकली नव्हती. धापा टाकत आली आणि न रचलेल्या धोंड्यावर बसली.

"भावजी, आवाज येतो म्हणे तुम्हाला."

"वहिनी, त्या दिवशी त्याला मीच उठवला."

"माहीत आहे."

"कसं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच वर बघायला आले होते, तर उद्याचा धोंडा बांधात रचलेला. ते आपणहून रचणारे होते का?"

तीस वर्षं ती मला गरम भाकरी वाढत होती.

तेवढ्यात वरून आला. ठण्. माझा हात पहारीकडे गेला.

"बोलावताहेत असं वाटतं ना?" वहिनी म्हणाली. "अहो, त्या माणसानं कुणाला कधी जास्तीच्या कामाला बोलावलं होतं का?" ती उठली, धोंडा पदरानं पुसला. "बसा."

"मग पट्टी?"

"करा की! मला तिच्यात भोपळे लावायचेत. आणि तिच्यावर सहावीला जागा आहे. पण उद्या."

मी बसलो. खाली चार पट्ट्या पायरीसारख्या उतरत होत्या. इतकी वर्षं त्यांच्याकडे माझी पाठच होती. वर आवाज येतच राहिला. पण उठलो नाही. उजेड असतानाच आम्ही तिघं खाली उतरलो.

सकाळी गेलो. दवानं गवत भिजलं होतं, बांध भिजला होता, धोंडाही भिजला होता. फक्त त्याच्या माथ्यावर एका माणसाला टेकता येईल एवढी जागा कोरडी होती.

मी जरा थांबलो. मग पहिला हात त्यालाच घातला.