कोरपेठेचे टाके

पौडच्या बाजारात इलाही मणियारांचे दुकान उघडण्याची एक ठरलेली रीत होती. आधी दाराच्या फळ्या निघत. त्या निघाल्या त्याच क्रमाने भिंतीला टेकवाव्या लागत, नाहीतर संध्याकाळी शेवटची फळी खोबणीत बसत नसे. मग त्यांची बायको जोहराबी उंबऱ्याबाहेर पाणी शिंपडी आणि थोरला फकरुद्दीन बांगड्यांचे दांडे खुंट्यांवर चढवी: दर्शनी हिरव्या, त्यामागे लाल, आणि नव्या नक्षीच्या अगदी आत, म्हणजे पोरीबाळी त्या बघण्याच्या निमित्ताने तरी दुकानात पाऊल टाकतील. इलाही जाऊन दोन वर्षे होत आली, तरी ही रीत मोडली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या सकाळीही फळ्या निघाल्या, सडा पडला, समोरच्या हॉटेलात रेडिओ खरखरू लागला. फक्त शाहजादी, जी सुट्टीत एरवी आईबरोबर बांगड्यांचे जोड लावत बसे, ती पाठीवर पिशवी बांधून दारात उभी होती.

फकरुद्दीनने हातातला दांडा खाली ठेवला. "कुठं निघाली स्वारी?"

"कोरपेठेला. काल सांगितलं होतं."

"काल मी नको म्हटलं होतं."

"तेही ऐकलं."

जोहराबीने हसू लपवायला पदर तोंडाला लावला. फकरुद्दीनला ते दिसलेच. "हसा तुम्ही, अम्मा! शाळेतली मास्तरीण एकटी डोंगरात मुक्कामाला जाते, तर पेठेत मी काय तोंड दाखवायचं?"

"आहे तेच दाखव, भाईजान. दुसरं कुठून आणणार?"

जोहराबीने भाकरीचे गाठोडे लेकीच्या हातात दिले. "जा. तुझ्या अब्बानं उभा जन्म पाठीवर काच वाहिली. डोंगरात एकटा का जातोस, म्हणून त्याला कुणी विचारलं न्हाई."

कोरपेठ म्हणजे घाटमाथ्यावर खडकात कोरलेले एक प्राचीन नगर. कोकणातून वर येणाऱ्या बैलतांड्यांची ती मुक्कामाची जागा होती. आता तिथे रानात हरवलेली जोती, ओळीने कोरलेल्या खोल्या आणि बारमाही पाण्याचे एक टाके एवढेच उरले होते. वाड्यावस्त्यांवर बांगड्या भरायला जाताना इलाही तिथे विसावत. ओळीतल्या शेवटच्या दालनात दगडाची एक बाई आहे, मनगटापासून कोपरापर्यंत चुडा भरलेली, असे ते घरी येऊन सांगत. "दोन हजार वर्षांमागंही कुणी मणियार होताच की!" पुढच्या वर्षी तुला नेतो, असे ते दर वर्षी म्हणत. मग पोर मोठी झाली, आणि मोठी झालेली पोर डोंगरात नेत नाहीत असे ठरले. शाहजादी त्या दगडी बाईसाठी पुण्यात राहून इतिहास शिकली, असे म्हटले तरी चालले असते. आता आपल्या कमाईची सुट्टी आणि आपले पाय तिच्या हाती होते. ते दालन तिला पाहायचेच होते.

धरणापुढच्या फाट्यावर एसटीतून तिच्याबरोबर आणखी एक जण उतरला. पुण्याचा दिवेकर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. जुन्या बाजारातून घेतलेली लष्करी सॅक त्याच्या खांद्यांहून रुंद होती.

"तुम्ही एकट्याच?" त्याने विचारले.

"तुम्हीही एकटेच दिसताय."

तो ओशाळून हसला आणि दोघांची गट्टी जमली. चढ मात्र दोघांच्याही कल्पनेपेक्षा खडा निघाला. धरणाचे पाणी खाली आरशासारखे लहान होत गेले, आणि अर्ध्या वाटेतच दोघांजवळचे पाणी संपले. करवंदीच्या जाळीच्या सावलीत घामाघूम होऊन बसलेल्या या दोघांना मागून आलेल्या एका कातकरी जोडप्याने गाठले. देवू आणि पारू दिवाळी झाली की कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला कोकणात उतरत. देवूच्या खांद्यावर कोयता आणि गोधडी, पारूच्या डोईवर हंडा आणि त्यावर पाय बांधलेली कोंबडी.

"कुटं निघालाव?" देवूने विचारले.

"कोरपेठेला."

"मंग हितं का बसलाव? पेठ काय खाली येनार हाय व्हय?" पारू म्हणाली, आणि न मागता तिने हंडा उतरवला. दिवेकरने ओंजळ धरली, मग पुन्हा धरली. शाहजादीही पोटभर प्याली. हंड्याच्या तळाशी उरलेला घोट कोंबडीला मिळाला.

पारूने शाहजादीचे मनगट हातात घेऊन निरखले. "ह्यो भराव पौडचा. इलाहीमामाचा."

"मी त्यांची मुलगी."

"आगं माझे बाई! माज्या लगनाचा चुडा त्येनीच भरला. लई वटवट करायचा बाबा, पर हातात काकन कवा चढलं कळायचं न्हाई." पुढचा सारा चढ पारू इलाहीमामाच्या नकला करत चढली, आणि कितीतरी दिवसांनी शाहजादीला वडिलांच्या आठवणीने हसू आले.

उन्हे कलताना चौघे माथ्यावर पोचले. खडकात खोल गेलेले टाके, त्यात उतरणाऱ्या झिजलेल्या पायऱ्या आणि तळाशी काळेशार पाणी. पलीकडे खोल्यांची ओळ, आणि शेवटच्या दालनाला गावाने बसवलेले लाकडी दार. आत भैरवाची स्थापना झाली होती. दाराची किल्ली बहिरू गुरवाच्या करगोट्याला होती. तो दिवाबत्तीला वर आला होता आणि माणसांची सोबत मिळाल्याने खूश दिसत होता.

"या, या. पाय धुवा, पानी प्या. मंग दालन दावतो, उजेड हाय तवर." मग त्याची नजर मागे गेली. "ए देवू! तुमी तितंच थांबा. वतीतो पानी."

देवू आणि पारू आधीच थांबले होते. पारू रिकामा हंडा पुढे ठेवून, ओंजळ धरून, कमरेत वाकली होती. त्या वाकण्यात इतकी सवय होती की शाहजादीला क्षणभर काही खटकलेच नाही. मग एकदम खटकले.

"त्यांनी खाली का नाही उतरायचं?" तिने विचारले.

"देवाचं टाकं हाय, बाई."

"मग मीही नाही उतरत. मी पौडच्या इलाही मणियारांची मुलगी."

बहिरूने कपाळाला हात लावला, पण हसत. "इलाहीमामाची? मंग आधी न्हाई का सांगायचं! आगं, तुजा बाप आमच्या घरातला मानूस. माज्या आईच्या, बायकूच्या हातात काकनं त्येनंच भरली. उतर तू, तुला कोन अडवतंय?"

"पारूच्या हातातही त्यांनीच भरली. त्याच हातानं."

बहिरूचे हसू मावळले. "त्ये येगळं."

दिवेकर तिच्या जवळ सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हे चूक आहे, मला पटतंय. पण आपण पाहुणे. परत गेल्यावर रीतसर तक्रार करू. आत्ता हा बिथरला तर दार उघडायचा नाही, आणि तुम्ही त्याच्यासाठीच तर आलात."

"त्यांचं पाणी आपणच संपवलं, दिवेकर. ते पिताना पाहुणे कोण होतं?"



"ताई, ऱ्हाऊ द्या," देवू म्हणाला. "आमाला दर साली ह्याच वाटंनं जायचं हाय."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. उद्या शाहजादी पौडला परतणार होती. वाट आणि मुक्काम देवू-पारूचा होता. दुसऱ्याच्या जिवावर ताठा दाखवणे सोपे असते, हे तिला समजत होते. म्हणून ती देवूशी वाद घालत बसली नाही. तिने पारूकडे पाहिले. "मी तुझ्याआधी पिणार नाही. तू वाकून प्यालीस, तर मीही इथंच वाकून पिईन. काय करायचं ते तू सांग."

पारू वाकलेलीच होती. तिने एकदा नवऱ्याकडे, एकदा गुरवाकडे पाहिले. "दर साली वाकते," ती म्हणाली. "माजी तर कंबर धरली, बया." आणि हंडा काखेत मारून ती सरळ उभी राहिली.

"पारे!" बहिरू ओरडला. मग शाहजादीकडे वळला. त्याच्या आवाजात रागापेक्षा धसका अधिक होता. "गाव मला जाब इचारंल. मी काय सांगू?"

"सांगा, मणियाराच्या पोरीनं ऐकलं नाही. माझं नाव शाहजादी. शाळा पौडची. गावाला विचारायचं असेल तर मला विचारू दे."

"मंग तुज्यासाठी दार उगडायचं न्हाई. आज न्हाई, पुना कवा न्हाई."

शाहजादीने पलीकडच्या दाराकडे पाहिले. फटीतून आतला अंधार तेवढा दिसत होता. कोपरापर्यंत चुडा भरलेली ती बाई तिथून वीस पावलांवर होती.

"नका उघडू," ती म्हणाली.

बहिरूने करगोट्याची किल्ली चाचपली. मग दिवेकरला म्हणाला, "तुमाला बगायचं आसंल तर चला." दिवेकरने सॅकचा पट्टा उगाच घट्ट केला, सैल केला. "मी... बघून येतो," तो शाहजादीकडे न पाहता पुटपुटला.

"बघा. नीट बघा," ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

दोघे दालनाकडे गेले. शाहजादीने चपला काढल्या. पारूला तेही करावे लागले नाही. तिचे पाय अनवाणीच होते. पहिली पायरी पारू उतरली, तिच्यामागे शाहजादी. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होते, म्हणून दोघींनी एकमेकींचा दंड धरला. पारूने हंडा पाण्यात आडवा केला. तो बुडबुडत भरला. मग ती गुडघ्यांवर बसली, पाण्याला तोंड लावून सावकाश, घाई न करता प्याली, आणि ओल्या हाताने तोंड पुसून बाजूला सरकली.

शाहजादी तिच्या जागी बसली आणि प्याली.

वर देवू अजून उभाच होता. काही वेळाने त्याने गोधडी खांद्यावरून उतरवली, कोयता तिच्यावर ठेवला, आणि भिंतीला हात लावत पहिल्या पायरीवर पाऊल टाकले.