ओलं फडकं

सकाळी उठल्यापासून देवापुढे दिवा लागेपर्यंत मी बोलत नाही. हा नेम फार जुना आहे, आणि आमच्या ह्यांना तो पहिल्यापासून पसंत. पहाटे धक्क्यावर गळ टाकायला जाताना मला बरोबर नेत आणि मित्रांना सांगत, "अशी सोबत नशिबाने मिळते. मासे बिचकत नाहीत!" मी मासे खात नाही, म्हणून हेही धरलेल्या माशाचा गळ अलगद काढून त्याला परत पाण्यात सोडतात. एक शब्द न बोलता झालेली ही तडजोड आमच्या संसारात सगळ्यांत टिकाऊ ठरली.

मग ह्यांना झटका आला. देवाने माणूस माघारी दिला, डावा हात तेवढा अर्धा ठेवून घेतला. डॉक्टर म्हणाले, "वापराल तर हात येईल. मांडीवर ठेवून बसाल तर आहे तोही जाईल." वापरायचं डॉक्टरांनी सांगितलं खरं, पण समोर बटणाशी झटणारी ती बोटं मला बघवेनात. मीच शर्टाची बटणं लावू लागले, पाण्याचा पेलाही ओठांपाशी मीच धरायची.

बऱ्याच महिन्यांनी हे धक्क्यावर यायला तयार झाले ते जावयांनी पाठवलेल्या, काठीला बसवायच्या नव्या रिळामुळे. त्याबरोबर दोरीही नवी होती, वेणी घालावी तशी बारीक धाग्यांची विणलेली. जुन्या तंगुसाहून, म्हणजे नायलॉनच्या एकेरी दोरीहून, ती कितीतरी बारीक, मऊ, आणि ओढायला भक्कम. आम्ही दोघांनी ती घरीच रिळावर गुंडाळली. हे डाव्या हाताने रिळाचा दांडा फिरवत होते आणि समोर मी दोरी धरून बसले होते. त्यांच्या हाताला ओढ बसू नये म्हणून मी ती अगदी सैल सोडत होते.

धक्क्यावर पहिल्याच फेकीला रिळावरून दोरीचा पुंजका उडाला आणि काठीच्या कड्यांत जाऊन अडकला. चिमणीचं घरटंच जणू. ते सोडवून पुन्हा फेकली, पुन्हा घरटं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी मान खाली घालून नखांनी गाठी सोडवत होते.

"कापून टाक," हे म्हणाले. "आज ताईच्या दुकानात ही काठी विकायला देतो. हात गेला, आता हौसही जाऊ दे."

माझा दिवा लागायचा होता. मला काहीच बोलता येईना. एवढं मात्र समजत होतं, की काठी गेली तर तो हात मांडीवरून पुन्हा उठणार नाही.

ह्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, धक्क्यामागच्या गल्लीत गळ, काठ्या, दोऱ्यांचं दुकान चालवतात. घरी दिवा लावून आम्ही तिथे गेलो. वन्संची जीभ त्यांच्या दुकानातल्या गळांसारखीच, आत शिरताना कळत नाही, निघताना कळतं.

"काय राजे, आज कुठला मासा?"

"काठी ठेवून घे, ताई. एखादं गिऱ्हाईक बघ."

"काठी ठेवते की. तुला कुठे ठेवू? वरच्या फळीवर?" असं म्हणत त्यांनी रिळावरची दोरी अंगठ्याने दाबली. अंगठा आत रुतला. "ही कुणी गुंडाळली?"

"आम्हीच," मी म्हणाले. "दोरी मी धरली होती."

"वहिनी, धरली होती की कुरवाळली होती? अहो, ही उशी झालीय! सैल गुंडाळली की वरची वेटोळी खालच्यांत रुतून बसतात. मग फेकताना एकाबरोबर चार उठून येतात. त्यात काठोकाठ भरलीय. आणि खाली तंगुसाचे चार वेढेही नाहीत! ही गुळगुळीत दोरी नुसत्या रिळावर धरणार कशी? अख्खी रिळावरच गोल फिरेल." मग मोर्चा ह्यांच्याकडे वळला. "फेकल्यावर दोरी अडवायला रिळाची तारेची कमान कशी बंद करतोस?"

"दांडा फिरवला की आपोआप पडते ना."

"तंगुसाला चालून गेलं. ही दोरी मऊ, हिला तेवढी ढीलही सोसत नाही, लगेच फास उभा राहतो. कमान हाताने पाडायची, दोरी बोटाने ओढून एकदा ताणायची, आणि मगच दांडा फिरवायचा."

"कुठल्या हाताने?"

"दुसऱ्यात काठी असते ना? मग मोकळा कुठला राहिला?"

वन्संनी दुकानाला कडी घातली आणि आम्हाला मागच्या बोळात नेलं.

सगळी दोरी उलगडून बोळभर पसरली. रिळावर आधी तंगुसाचा थर दिला आणि त्याला दोरी बांधली. वन्संनी एक फडकं पाण्यात बुचकळून पिळलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्यात दोरी धरा. त्याला ओढून घेऊ दे, फुकट देऊ नका."

ह्यांनी दांडा फिरवायला सुरुवात केली. थोड्याच वेळात मनगट थरथरू लागलं, कपाळावर घाम आला. "जरा सोड गं," हे म्हणाले, आणि माझी बोटं आपोआप सैल झाली.

"वहिनी!"

मी चिमूट पुन्हा आवळली. नाम घेत राहिले. देवाकडे मी आजवर पुष्कळ मागितलं आहे, पण माझा हात कठोर कर असं पहिल्यांदाच मागितलं. फडक्यातून दोरी सरकत होती, तिच्या दुसऱ्या टोकाला ह्यांची ओढ लागत होती. ती बारीक होती, अडखळत येत होती, पण येत होती! मीच सैल सोडत आले होते, मग ती मला आजवर कशी लागावी?

मध्येच थांबून ह्यांनी हात झटकला. "लहानपणीही तू अशीच छळवादी होतीस."

"आणि तू असाच रडका. फिरव."

रिळाचा काठ नखाएवढा मोकळा राहिला तेव्हा वन्सं म्हणाल्या, "बास!" उरलेली दोरी कापून त्यांनी पुन्हा अंगठा दाबला. या खेपेला तो रुतला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही धक्क्यावर होतो. ह्यांनी काठी मागे नेली आणि फेकली. दोरी सळसळत लांबवर गेली, एकही पुंजका उडाला नाही. आता कमान पाडायची होती. डाव्या हाताची बोटं तारेपर्यंत गेली आणि घसरली. पुन्हा गेली, पुन्हा घसरली. माझा हात पुढे होऊ लागला, तो मी मांडीखाली दाबून बसले. तिसऱ्या वेळी खट्ट असा आवाज झाला. मग बोटाने दोरी ताणली, अगदी सावकाश, आणि दांडा फिरू लागला.

एकदा हे विसरले आणि जुन्या सवयीने नुसता दांडा फिरवला. रिळावर फास उभा राहिला. पण त्यांना तो दिसला, त्यांनी तिथेच थांबून तो हाताने मोकळा केला. "ताईचं भूत बसलंय ह्या रिळावर!" म्हणाले. मी हसले. हसण्याने मौन मोडत नाही.

सूर्य चांगला वर आल्यावर वीतभर मासा लागला. उजव्या हाताने गळ काढायचा, म्हणजे मासा डाव्यात धरायला हवा. हात ओला करून ह्यांनी तो धरला. मासा तडफडला, शेपटी मनगटावर आपटत राहिला. गळ निघाला. मासा हातातून निसटला नव्हता. मग ह्यांनी खाली वाकून तो पाण्यात सोडला.

घरी परतताना वन्सं दुकान उघडत होत्या. "काय वहिनी, आज कितीदा घरटं?"

दिवा लागायचा होता. मी नाही अशी मान हलवली आणि दोन्ही हात जोडले.

"माझ्यापुढे कसले हात जोडता? माझं फडकं तेवढं परत करा."

"नाही मिळणार," हे काठी खांद्यावर सावरत म्हणाले. "ते आता आमच्या देवघरात जाणार."

तसं ते गेलं नाही. पण त्या सकाळी दिवा लावल्यावर मला मागायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी नुसती बसून राहिले. आतून ह्यांची शर्टाच्या बटणाशी चाललेली कुरकुर ऐकू येत होती. मी उठले नाही.