कापडावर उतरलेला ब्लॉक

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराज एकेकाच्या छातीला पिवळसर औषध चोळत, वर पांढरं कापड दाबत. कापड काळंनिळं झालं की लोक हात जोडत.

"हा तुमचा ब्लॉक. चिरफाड नाही, टाका नाही. हृदय धुऊन, पिळून परत!"

तिसऱ्या रांगेत दादा घामाघूम बसला होता. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तो तीस वर्षं मृतांच्या हृदयाचे काप रंगवत आला होता. रंगात बुडवलं की धड स्नायू विटेसारखा लाल होई, झटक्याने मेलेला फिकट राही. घरी तो धाकट्या भावाला सांगे, रंग चढला की रोग बाहेर येतो. बोलायची पद्धत, दुसरं काय! पण धाकट्याने ते शब्दशः घेतलं. कापडावरचा डाग पाहून त्याने बारा दिवसांपूर्वी सगळ्या गोळ्या बंद केल्या. आता त्याला चार पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून उरलेला ब्लॉक काढायला तो पुन्हा आला होता.

त्याचा नंबर लागला. आधार द्यायला दादाही वर गेला आणि औषधाच्या वाटीजवळ येताच थबकला. हा वास प्रयोगशाळेतल्या रोजच्या बाटलीचा होता. चारचौघांत त्याला कधी तोंड उघडता आलं नव्हतं. तरी तो म्हणाला, आधी हे या खुर्चीला लावू.

"खुर्चीला हृदय असतं का, काका?" महाराज म्हणाले. हॉल हसला.

दादाने वाटीत बोटं बुडवून खुर्चीची पाठ माखली, वर कापड दाबलं. कापड काळंनिळं झालं.

"खुर्चीलाही ब्लॉक निघाला की," मागून कुणीतरी पुटपुटलं.

दादाने सांगितलं, औषधात आयोडीन आहे, कापडाला पिठाची खळ आहे. दोन्ही भेटली की हाच रंग येतो, मग खाली छाती असो की लाकूड.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. "मग माझा ब्लॉक, दादा?"

"होता तिथंच आहे."

"तूच म्हणायचास, रोग बाहेर येतो."

"माझं बोलणं चुकलं रे. रंगाने रोग दिसतो. जात नाही."

धाकट्याने छाती धरली. कळ डाव्या हातात उतरत होती. दोघातिघांनी त्याला उचललं, कुणी गाडी आणायला धावलं.

दारात दादा वळला.

"मी रंगवतो तेव्हा हृदयाचा मेलेला भाग स्वच्छ दिसतो. फक्त ज्याला सांगायचं, तो ऐकायला उरलेला नसतो. तुम्ही अजून ऐकताय. गोळ्या सोडल्या असतील, तर आत्ता डॉक्टरकडे चला."