सोमनाथकाकांचा उजवा कान

मी कंपन्यांच्या दवाखान्यांत जाऊन मशीनं तपासते. कामगारांचे कान आणि फुप्फुसं ज्यांच्यावर तपासतात ती मशीनं खरं बोलतायत की थापा मारतायत हे बघायचं, आणि वर तारखेचं स्टिकर लावायचं, हा माझा धंदा. सातपूर, अंबड, सिन्नर, सगळीकडचे वॉचमन माझी स्कूटर ओळखतात. स्वागत मात्र कुठेच होत नाही. बिघाड जणू मीच डब्यात भरून आणलाय, असं लोक माझ्याकडे बघतात. माझं काही बिघडत नाही. मखमलाबादच्या भाजीवाल्यांची लेक आहे मी, काट्यावरून होणारी भांडणं लहानपणापासून पाहिलीत.

गेल्या फेब्रुवारीत अंबडच्या एका पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेसच्या कारखान्यातून सोमनाथकाकांचा फोन आला. "शुभे, मशीन गेलं. उजव्या कानाचा हेडफोन मेलाय. येऊन तेवढा पंचनामा कर."

सोमनाथकाका तिथल्या दवाखान्यातले टेक्निशियन. बारा वर्षांपूर्वी मी त्यांच्या हाताखाली शिकले. फुप्फुसाच्या मशीनला तीन लिटरचा पंप जोडून दांडा आत ढकलायचा आणि मशीनही तीनच लिटर दाखवतंय का ते बघायचं, हे काम त्यांनी माझ्याकडून एका दुपारी चाळीस वेळा करून घेतलं होतं. माझा हात दुखला तेव्हा म्हणाले, "पंप चुकत नाय, माणूस चुकतो." त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. आजही पंप ढकलताना माझा हात त्यांच्यासारखाच चालतो.

कानाच्या मशीनचा रोजचा रिवाज वेगळा. पहिला कामगार यायच्या आधी, ज्याचे कान चांगले आहेत हे माहीत असलेला एक माणूस केबिनमध्ये बसतो. बाहेरचा माणूस बटण दाबून बारीक बारीक आवाज सोडतो, ऐकू आला की आतल्याने बोट वर करायचं. आजचे आकडे नेहमीच्या आकड्यांशी जुळले तर मशीन ठीक. फार फरक पडला तर मशीन त्या दिवशी बंद. या कारखान्यात तो माहीत असलेला कान एकोणीस वर्षं काकांचाच होता. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला सांगायचे, "आमच्या कारखान्यात आठशे माणूस हाय, पण मशीन मिळवत्यात ती माझ्या कानाशी." पिंपळगावच्या घरी बसून हायवेवरचा टेम्पो कोणाचा आहे ते आवाजावरून ओळखतो, असाही त्यांचा दावा होता. तपासायला हायवेवर कोण जाणार?

मी पोचले तेव्हा मशीनवर लाल पेनाने लिहिलेला कागद होता: वापरू नये. आठवडाभर तपासणी बंद होती. कोपऱ्यात नवी टेक्निशियन चैताली बसली होती. घोटीहून रोज येते, लागून पाचच महिने झालेले, आणि सकाळी काकांचा कान घ्यायचं काम तिच्याकडे नुकतंच आलेलं. तिचा चेहरा रडून झालेला दिसत होता.

"मशीन तर गेलंच," काका म्हणाले, "आणि मशीन गेलं नसंल तर ही पोरगी नीट घेत नाय. मधीच थांबती, मग दोनदा दाबती. माझे आकडे कधी असे आले नव्हते. हिला कायम करायचा शेरा मला परवा द्यायचाय. काय लिहू, सांग."

"मॅडम, मला शिकवलंय तसंच घेते," चैताली हळूच म्हणाली. "आवाजांमधलं अंतर सारखं ठेवायचं नाही, असं कॉलेजात शिकवलंय."

"कॉलेजात!" काका छताकडे बघून म्हणाले.

मी पेटी उघडली. त्यात एक जाडजूड धातूचा ठोकळा असतो, त्याला आम्ही कृत्रिम कान म्हणतो. त्यावर हेडफोन ठेवायचा आणि आवाज मोजायचा. ठोकळ्याला वय नसतं, मान नसतो, त्यामुळे तो खरं सांगतो. डावा हेडफोन बरोबर निघाला. उजवाही बरोबर. चार हजार हर्ट्झवर, म्हणजे ज्या चिरक्या आवाजाबद्दल काकांची तक्रार होती तिथे, मी तीनदा मोजलं. अर्ध्या डेसिबलचासुद्धा फरक नव्हता.

मशीन, चैताली आणि काकांचा कान, या तिघांपैकी एक चुकत होतं. मशीन सुटलं. काकांनी तिसऱ्याला आरोपींत धरलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या हिशोबी उरली ती चैताली. मला पळून जावंसं वाटलं. ज्या माणसाने मला काम शिकवलं, त्याला त्याचा कान गेला हे सांगायचं? आणि नाही सांगितलं तर परवा त्या पोरीची नोकरी जाणार.

मला कारणही दिसत होतं, हे जास्त वाईट. एकोणीस वर्षं हे गृहस्थ प्रेस शॉपमध्ये कानात घालायचे बोळे वाटत फिरायचे. न घालणाऱ्याला सगळ्यांसमोर झापायचे. आणि स्वतः उघड्या कानाने, कारण म्हणे प्रेसचा ठोका चुकला तर आपल्याला कळायला नको का!

"काका, एकदा बसता का? मी घेते," मी म्हणाले.

"घे की. पण जुन्या पद्धतीनं घे, मी शिकवलेल्या. म्हंजी हिलाबी कळंल." ते ऐटीत केबिनमध्ये गेले, हेडफोन लावले आणि भजनाला बसल्यासारखे डोळे मिटले. चैताली माझ्यामागे येऊन उभी राहिली.

मी जुन्या पद्धतीने घेतलं. आधी डावा कान, मग उजवा. प्रत्येक सुराला तीन ठोके, मध्ये ठरलेलं अंतर. पाचशे, हजार, दोन हजार, तीन हजार. बोट टपाटप वर येत होतं, आकडे पूर्वीसारखेच. मग आला उजव्या कानाचा चार हजार. मी दोन्ही हात मशीनवरून काढले आणि वर धरले.

काकांचं बोट वर आलं. ठरलेलं अंतर गेलं, बोट पुन्हा वर आलं. मग तिसऱ्यांदा. चैतालीने ओढणी तोंडाशी धरली. मलाही हसू फुटत होतं, आणि तेवढ्यातच डोळेही भरून येत होते. चार हजार संपले म्हणून काकांनी पुढच्या सुरासाठी मान जराशी हलवली. तो आवाजही मी दिलाच नाही. त्यालाही बोट वेळेवर वर आलं.

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी डोळे उघडले आणि काचेतून वळून बघितलं. मी दरोडेखोराने बंदूक रोखल्यासारखी हात वर करून बसले होते. त्यांचं बोट अजून हवेत होतं.

काकांनी बोटाकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं. पुन्हा बोटाकडे. केबिनचं दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

"केव्हापासून दाबत नव्हतीस?"

"चार हजारापासून."

"उजव्या?"

"उजव्या."

ते खुर्चीवर बसले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं. "म्हंजी किती वर्षं मी न ऐकताच..." मला इतकं वाईट वाटलं की पेटी उचलून निघून जावं.

"मशीन कायम बरोबर होतं, काका. दर वर्षी मीच तपासलंय," मी म्हणाले. "एकाही कामगाराचा आकडा चुकला नाही."

"ते ठीक हाय," ते म्हणाले. मग चैतालीकडे वळले. "पोरी, तू घे. तुझ्या पद्धतीनं. वाट्टंल तितकं थांब. मला कळू देऊ नको."

ते परत आत गेले. या वेळी डोळे उघडे ठेवले आणि हात गुडघ्यावर पालथा. चैतालीने घाई केली नाही. उजव्या कानाचा चार हजार आला. वीस डेसिबलवर, म्हणजे चांगल्या कानाला सहज ऐकू येतं तिथे, बोट हललं नाही. तीसवर नाही. मध्ये एकदा ती मुद्दाम लांबलचक थांबली, तेव्हा बोट उचलल्यासारखं झालं, आणि काकांनी ते दुसऱ्या हाताने दाबून धरलं. चाळीस. पंचेचाळीस. पन्नासला बोट वर आलं.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "किती?"

"पन्नास," चैताली म्हणाली, आणि भीतीने माझ्याकडे बघितलं.

काकांनी कामगारांचा एक कोरा फॉर्म ओढला, वर स्वतःचं नाव लिहिलं, आकडा लिहिला आणि डॉक्टरकडे पाठवायच्या गठ्ठ्यात घातला. मग चैतालीच्या शेऱ्याचा कागद घेतला. तिथे बराच वेळ पेन टेकवून बसले. शेवटी एकच ओळ लिहिली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"आवाज नसताना वर आलेलं बोट ही मुलगी मोजत नाही. कायम करावे."