मनालीच्या खालची

भोईवाड्यातल्या सुचित्राने आपल्या नणंदेला, मनालीला, शुगरवरच्या पावडरच्या, माणसाखाली माणूस जोडायच्या धंद्यात आणलं आणि मनालीने शीवच्या चंपाला. मग मुलाची दहावी आहे म्हणत मनालीने अंग काढून घेतलं. चंपा घरात डबे मांडून बसली. कुणाला काय सांगायचं तेही तिला कळेना.

"मनालीची माणसं ती आपलीच," प्रभादेवीच्या वल्लरी मॅडम म्हणाल्या. सुचित्राला धंद्यात त्यांनीच आणलं होतं. "एकटं सोडायचं नाही. टीम म्हणजे घर."

सुचित्राने ते मनावर घेतलं. घरचं आवरून ती शीवला जायला लागली. समोरच्याने नको म्हटलं की चंपा लगेच उठायची. सुचित्राने तिला बोलायला शिकवलं, तिच्या नातेवाइकांकडे सोबत गेली.

"आधी स्वतःचा अनुभव सांगायचा."

"पण ताई, मला कुठे अनुभव आहे?"

"माझा सांग. माझ्या सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या सुटल्या, म्हणावं."

सासूबाईंच्या गोळ्या चालूच होत्या. पण मीटिंगमध्ये सगळ्याच असं बोलायच्या. सुचित्राला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

चंपा तयार झाली. तिने आपणहून चौघी जोडल्या, तेव्हा सुचित्राला पोटच्या पोरीचं वाटावं तसं कौतुक वाटलं.

आणि एका सकाळी चंपाच्या शेजारणीचा फोन आला. चंपाचा नवरा दीपक बेशुद्ध, इस्पितळात. शुगर भलतीच चढली होती. चंपाने त्याच्या गोळ्या बंद करून पावडर सुरू केली होती.

सुचित्राने घाबरून वल्लरी मॅडमना फोन लावला.

"ती तुझी डायरेक्ट आहे का? तू स्वतः जोडलेली?"

"नाही, मनालीची. पण तुम्हीच म्हणाला होतात..."

"मग मनाली बघेल. तू तिथे जाऊ नकोस. आणि ग्रुपवर एक शब्द टाकायचा नाही."

सुचित्रा गेली. शिव्या खायची तयारी करूनच गेली. चंपाने तिला पाहिलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"बरं झालं आलात, ताई. मनालीताई फोनच उचलत नाहीत. माझंच काहीतरी चुकलं. पावडर कमी पडली का हो? सासूबाईंना तुम्ही किती देता?"

सुचित्राने खरं ते सांगून टाकलं. "त्यांच्या गोळ्या कधी सुटल्याच नाहीत, चंपा. आजही घेतल्यात त्यांनी."

चंपाने हात सोडला. मग म्हणाली, "मी हेच चौघींना सांगितलंय. प्राचीच्या वडिलांच्या गोळ्या तर..." आणि तिथेच उभं राहून तिने एकेकीला फोन लावायला घेतले.

तिघींनी ऐकलं. प्राचीने ते वल्लरी मॅडमच्या कानावर घातलं. संध्याकाळपर्यंत सुचित्रा आणि चंपा दोघी ग्रुपबाहेर होत्या.

दीपक वाचला, पण पुन्हा कामावर जाण्याजोगा राहिला नाही. चंपाला काढल्यावर प्राची थेट मनालीच्या खाली आली, तिच्या विक्रीचं कमिशनही मनालीला मिळायला लागलं. तशी मनालीला एकदम फुरसत मिळाली. दादरच्या हॉलमध्ये दोघींचा सत्कार झाला. वल्लरी मॅडम म्हणे मनालीला मिठी मारून रडल्या.

सुचित्रा अजून मधूनमधून शीवला जाते. चंपा दार उघडते, पाणी देते आणि ती निघेपर्यंत एक शब्द बोलत नाही.